मुऱ्हाळी

१ मार्च १९९९, सोमवार
जळगाव

नोकरी आणि खोली एकाच जिन्यावर मिळाली. खाली तोताराम नानांचं घर, वर दोन खोल्या. एकीत संगणक, दुसरीत मी. आईने धुळ्याहून निघताना तीन दिवस पुरतील एवढ्या कळण्याच्या भाकरी बांधून दिल्या. जळगावात पीठ मिळत नाही असा तिचा समज दिसतो.

नानांची स्टेशनजवळ व्हिडिओ लायब्ररी आहे, शिवाय लग्नाचं शूटिंग. घरोघरी केबल आल्यापासून कॅसेट कोणी नेत नाही, म्हणून त्यांनी सीडी राइट करणारा संगणक घेतला. दुकानात डाळमिलची धूळ येते, तेव्हा तो घरीच ठेवला. घेतल्यावर तो चालवणारं कोणी नाही हे लक्षात आलं आणि मला पत्र आलं. नानांनी डिप्लोमाची गुणपत्रिका उलटी धरून पाहिली आणि ठीक आहे म्हणाले.

त्यांचा पुतण्या छगन शूटिंग करतो. त्याने माझी ट्रंक वर चढवली आणि मॅडम, यात कपडे आहेत की ट्रान्सफॉर्मर, असं विचारलं. विचारून स्वतःच हसला.

नानांच्या पत्नी कमलबाई, सगळे त्यांना अक्का म्हणतात. त्यांनी गाव विचारलं, मग आडनाव. संध्याकाळी माझ्यासाठी वर एक वेगळा माठ आला. तुला खाली-वर नको व्हायला, असं त्या म्हणाल्या. कारण मला ठाऊक आहे. मी आभार मानले.

खोली छान आहे. पूर्वेला खिडकी, भिंतीत कपाट. अक्का म्हणाल्या, ही माझ्या पोरीची खोली आहे. आहे, असंच म्हणाल्या.

५ मार्च, शुक्रवार

काम बसलं. लायब्ररीसाठी नाना सिनेमाची एकच सीडी विकत घेतात आणि तिच्या नकला भाड्याने देतात, कारण गिऱ्हाईक सीडीवर चहाचा कप ठेवतं. हे कायद्यात बसत नाही, हे मी पहिल्या दिवशी सांगितलं. नाना म्हणाले, अहो, कायद्यात तर माझी लुनाही बसत नाही.

सॉफ्टवेअर साधं आहे. एका ड्राइव्हमध्ये मूळ सीडी, दुसऱ्यात कोरी. ते आधी मूळ वाचून तिची लांबी दाखवतं, मग निळी पट्टी सरकू लागते. ती सरकत असताना संगणकाला हात लावायचा नाही. माहिती पोचायला क्षणाचा उशीर झाला की कोरी सीडी वाया. मी हे एकदा सांगितलं आणि घराने ते सोवळ्यासारखं पाळायला घेतलं. पट्टी सुरू झाली की अक्का खाली मिक्सर लावत नाहीत, नाना कूलर बंद करून घामाघूम बसतात. मी म्हटलं, कूलरने काही होत नाही. नाना म्हणाले, असू द्या, कशाला उगाच.

इतकी माणसं माझ्या कामासाठी गप्प बसलेली मी आधी पाहिली नव्हती.

९ मार्च, मंगळवार

नानांनी आज एक कॅसेट आणून दिली. पांढऱ्या रुमालात गुंडाळलेली.

त्यांची एकुलती एक मुलगी कोकिळा. शिरपूरच्या पुढे एका गावात दिली होती. गेल्या मे महिन्यात गेली. ऊन लागून, एवढंच नाना म्हणाले. कॅसेट तीन वर्षांपूर्वीच्या आखाजीची, लग्नानंतरच्या पहिल्या. छगनने काढलेली. आखाजी आता पुढच्या महिन्यात, अक्षय्य तृतीयेला, अठरा एप्रिलला. सगळ्या घरांच्या लेकी माहेरी येतील, झोके बांधले जातील. नानांना भाऊबंदांच्या प्रत्येक घरी या कॅसेटची सीडी द्यायची आहे. म्हणजे तीही प्रत्येक घरी येईल, असं ते म्हणाले.

मी कॅसेट पाहिली. लिंबाला बांधलेला झोका, हिरवी साडी, उंच सडसडीत मुलगी. आखाजीची गाणी म्हणताना मध्येच हसते आणि ओळ विसरते. शेवटी झोका थांबवून कॅमेऱ्याकडे बघत अहिराणीत म्हणते, छगनभाऊ, पुरे कर, माले पानी दे. मग चित्र जातं.

ती माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी असती. बाकी आमच्यात काही साम्य नाही. मी गात नाही.

१५ मार्च, सोमवार

कॅसेटवरून पहिली सीडी झाली. उत्तम उतरली. योग्य पद्धत अशी, की ही पहिली सीडी मूळ म्हणून जपायची आणि बाकी सगळ्या तिच्यावरून काढायच्या. तशा मी पाचव्या सीडीपर्यंत काढल्या. पहिली आणि पाचवी सोडून बाकीच्या छगनने वाटल्याही.

आज नाना म्हणाले, पुढच्या अशा नकोत. सहावी पाचवीवरून काढा, सातवी सहावीवरून, आठवी सातवीवरून. दिव्याने दिवा लावतात तशी. मी सांगितलं, कॅसेटच्या नकलेची नक्कल काढली की चित्र झिजतं, सीडीचं तसं नाही. तिथे फक्त आकडे असतात आणि आकडे झिजत नाहीत. म्हणजे फायदाही नाही, तोटाही नाही. नाना म्हणाले, तोटा नाही ना, मग माझ्या मनासारखं करा.

तांत्रिक हरकत नव्हती. मी होकार दिला.

१८ मार्च, गुरुवार. पाडवा

आज अक्कांनी जेवायला खाली बोलावलं. पुरणपोळी, रसई, कुरडया. जेवताना मला ठसका लागला, तर अक्कांनी स्वतःच्या तांब्यातलं पाणी माझ्या भांड्यात ओतलं. ओतल्यावर त्यांच्या लक्षात आलं असावं. पण तांब्या बाजूला न ठेवता त्या त्यातूनच प्यायल्या. 

नाना आता मला बाई म्हणून हाक मारतात. आमच्याकडे लेकीला तसंच म्हणतात. माझे वडील देवचंद, एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते, तेही मला असंच म्हणायचे. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. त्यानंतर ही हाक कोणी मारली नव्हती. मी वर आले, खिडकी उघडून उभी राहिले. मग कामाला बसले.

२३ मार्च, मंगळवार

एक चूक सापडत नाही.

आठवी सीडी सातवीवरून काढली. राइट करण्याआधी सॉफ्टवेअरने सातवीची लांबी दाखवली. ती पहिलीपेक्षा जास्त होती. सहावी पाहिली, तीही जास्त, पण सातवीहून कमी. नक्कल मुळापेक्षा मोठी होऊ शकत नाही. तुटली, अडखळली तर लहान होईल.

सातवी शेवटपर्यंत लावून पाहिली. पानी दे म्हटल्यावर चित्र जातं तिथे जात नाही. क्षणभर पांढरं होतं आणि मग रस्ता दिसतो. भर दुपारचं ऊन, दोन्ही बाजूंना कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या, एका अंगाला दूर सातपुड्याची निळी रेघ. एक बाई पाठमोरी चालते आहे. हिरवी साडी. आवाज नाही.

कॅसेटवर आधी दुसरं काही शूट केलेलं असेल आणि त्यावर आखाजी घेतली असेल. जुनं चित्र शेवटी उरतं. हे स्पष्टीकरण पुरेसं नाही, पण सध्या तेवढंच आहे.

आठवीत ती शिरपूरच्या स्टँडसमोरून जाते. तिच्यासाठी कोणी बाजूला होत नाही.

२९ मार्च, सोमवार

पडताळून पाहिलं. पहिलीवरून नवी काढली की ती पहिलीसारखीच होते, अगदी आकड्याला आकडा. शेवटच्या सीडीवरून काढली की मात्र पुढचा रस्ता येतो. म्हणजे संगणक बिघडलेला नाही.

छगनला बोलावून दाखवलं. त्याने आधी थट्टा केली, मॅडम, तुमच्या कॉम्प्युटरला उन्हाळा लागला. मग तो जवळ सरकून बसला. हे मी शूट केलेलं नाही, म्हणाला. कॅमेरा कुणाच्या खांद्यावर असता तर इतका स्थिर राहिला नसता. तिच्यामागून कोणीतरी चालत आहे आणि हे त्याच्या डोळ्यांनी दिसतं आहे, असं म्हणाला.

या सीडीत ती तापीच्या पुलाखाली उतरते. पात्रात मध्येच पाणी साठलेलं आहे. ती बसते, ओंजळ बुडवते, वर काढते. ओंजळ कोरडी. पुन्हा बुडवते. छगनने मान फिरवली. मी फिरवली नाही. तिने किती वेळा बुडवली ते मी मोजत होते आणि मग मोजणं मला जमेना.

२ एप्रिल, शुक्रवार

छगन आज दुकानातून मुद्दाम वर आला. म्हणाला, पहिल्या पाचानंतर नानांनी त्याला वाटायला एकही सीडी दिलेली नाही. मी तर आठवड्याला चार-पाच काढते. त्या सगळ्या नानांच्या कपाटात आहेत. रोज दुपारी सगळे झोपले की नाना खाली नवी सीडी लावतात. गाणी पुढे ढकलतात. फक्त शेवट पाहतात.

मग त्याने मला घागरीचं सांगितलं. मला थोडं ठाऊक होतं, आमच्या घरी करत नाहीत. वर्षभरात घरातलं कोणी गेलं असेल, तर आखाजीला त्याच्या नावाने मातीची घागर भरतात, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात. घरच्याने स्वतः नाव घेऊन पाणी सोडलं की ते गेलेल्या माणसाला पोचतं. तहान भागते, मग ते मागे फिरत नाही. नाव घेतलं नाही तर ते नुसतं पाणी. लग्न झालेल्या बाईची घागर सासरी भरायची असते. कोकिळाच्या नवऱ्याने दिवाळीनंतर दुसरं लग्न केलं. ती माणसं म्हणतात, आमच्या घरातून न विचारता निघून गेली, आम्ही भरणार नाही.

मी म्हटलं, मग इथे भरा. छगन म्हणाला, अक्कांना हे ठाऊकच नाही. नानांनी त्यांना सांगून ठेवलंय की सासरचे भरणार आहेत.

६ एप्रिल, मंगळवार

नानांना सांगितलं की मी यापुढे ही सीडी काढणार नाही. का, ते त्यांनी विचारलं नाही. खुर्ची ओढून बसले आणि जे बोलले ते असं.

आखाजीला लेकीला आणायला माहेरचं माणूस जावं लागतं, मुऱ्हाळी. भाऊ नसेल तर बाप. मुऱ्हाळी आल्याशिवाय लेकीने उंबरा ओलांडायचा नसतो. गेल्या वर्षी त्या आठवड्यात लग्नाची शूटिंग होती, लागोपाठ. नानांनी निरोप धाडला की मला जमत नाही, तू ये एकटी, त्यात काय एवढं, आता काय जुना काळ आहे का. सासरच्यांनी मुऱ्हाळी नाही म्हणून सोडलं नाही. ती आखाजीच्या दिवशी संध्याकाळपर्यंत पिशवी भरून ओट्यावर बसून होती. पुढे चार दिवसांनी दुपारची कोणाला न सांगता पायी निघाली. रस्त्याच्या कडेला लिंबाखाली सापडली. ओठ फुटलेले होते, असं नाना म्हणाले.

मग म्हणाले, यंदा मी मुऱ्हाळी धाडला आहे. येते आहे ती. एकेका सीडीने येते आहे.

मी विचारलं, घरी आली की घागर भरणार ना.  पाणी प्यायली तर जाईल ना बाई, नाना म्हणाले.

म्हणजे ती कायम तहानलेली राहील, असं मी म्हटलं.

घरात तर राहील, म्हणाले.

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो मी झिडकारायला हवा होता. मी त्या दुपारी आणखी एक सीडी काढली.

९ एप्रिल, शुक्रवार

सोनगीर मागे पडलं. आता ती लंगडते.

आज ऊन तिच्या समोरून नाही, पाठीमागून होतं, म्हणून मागच्या माणसाची सावली रस्त्यावर तिच्या शेजारी पडली. मी चित्र थांबवलं. बाईची सावली. डाव्या खांद्याला पर्स, तिचा पट्टा हाताच्या मुठीत धरलेला. वेणी एकच, आखूड.

मी पर्सचा पट्टा तसा धरते. शेजारी बसून पाहणारा छगन माझ्याकडे बघत नव्हता.

नानांना विचारलं, मुऱ्हाळी कोण. ते म्हणाले, मी म्हातारा, मला हे यंत्र चालवता येत नाही. मी कसा जाणार.

त्यांनी मला पत्र का पाठवलं, ते कळलं. बाई का म्हणतात तेही. वाटलं होतं त्याहून जास्त लागलं.

१३ एप्रिल, मंगळवार
धुळे

जयंतीचं कारण सांगून घरी आले. परत जाणार नाही असं ठरवून ट्रंकही आणली. एरंडोलला रस्त्यावर जयंतीची कमान उभारलेली होती, निळं कापड, एका बाजूचा बांबू खचून तिरपी झालेली. बसमधून मी तिच्याकडे उगाच बघत राहिले.

आईला सगळं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. तिने विचारलं, ती आता कुठपर्यंत आली. मी म्हटलं, धुळ्याच्या अलीकडे. आई उठली आणि दार उघडून रस्त्याकडे पाहून आली.

म्हणाली, घागर बिगर आपण मानत नाही, ते तुझ्या वडिलांनीच सोडलं. पण दुसऱ्याची लेक अशी उन्हात अर्ध्या रस्त्यावर सोडून तू इथे भाकरी खात बसलीस का. आणलीस तर पाण्यापर्यंत ने.

मी म्हटलं, मी आणलेलं नाही. आई म्हणाली, बरं.

१५ एप्रिल, गुरुवार
जळगाव

परत आले. नाना जिन्यात भेटले, ट्रंक धरू लागले. मी धरू दिली नाही.

वर संगणक चालू होता. निळी पट्टी सरकत होती. मी नसताना त्यांनी स्वतःच काढल्या. छगनकडून शिकून घेतलं असं म्हणाले. छगनने खाली मान घातली.

टेबलावर नव्या सीड्यांची चळत. वरचीच लावली. एरंडोल. निळी कमान, एका बाजूला खचलेली. मी दोन दिवसांपूर्वी जी पाहिली ती. कॅसेट तीन वर्षं जुनी आहे.

ती कमानीखाली थांबते आणि मागे वळून बघते. पहिल्यांदा चेहरा दिसला. झोक्यावरचाच, पण ओठ – मी ते लिहिणार नाही.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी येते आहे ना, एवढंच तिला पाहायचं होतं.

१६ एप्रिल, शुक्रवार

पाळधी. मग बांभोरीचा पूल. गिरणा कोरडी.

नाना जेवत नाहीत. पट्टी संपली की लगेच पुढची लावतात. मी तीनदा स्विच बंद केला. वाया गेलेली सीडी त्यांनी टाकली नाही, पुसून रुमालात ठेवली.

खालचे माठ आटताहेत. अक्का सकाळी भरतात, दुपारी तळाशी ओल. माठ झिरपतोय, नवा आणला पाहिजे, असं त्या म्हणतात.

हे पाणी तिला पोचत नाही. फक्त संपतं.

१७ एप्रिल, शनिवार

अक्कांना सांगितलं. चुलीसमोर बसून, सगळं. सासरचे घागर भरणार नाहीत. कोकिळा कुठपर्यंत आली. नाना काय म्हणाले.

त्या सांजोऱ्या लाटत होत्या. लाटणं थांबलं नाही. फक्त एकच सांजोरी लाटत राहिल्या, ती पातळ होऊन फाटेपर्यंत.

मग म्हणाल्या, दिसते कशी. मी खोटं बोलले, बरी दिसते. त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, वाळली असेल.

पिशवी घेऊन बाजारात गेल्या. परत आल्या तेव्हा कडेवर मातीची घागर होती, लेकराला धरतात तशी. डांगर विसरल्या. पुन्हा गेल्या.

नाव घ्यावं लागेल, असं मी त्यांना म्हटलं. तुमच्या तोंडून. वर्षभर या घरात तिचं नाव कोणी घेतलेलं नाही. अक्का म्हणाल्या, घेतलं की गेली ना ती.

मी हो म्हटलं.

१८ एप्रिल, रविवार. आखाजी

सकाळपासून गल्लीत झोके. गाणी. नानांनी वरच्या खोलीला आतून कडी घातली आहे. दाराला कान लावला की यंत्र फिरताना ऐकू येतं. शेवटची असेल. ही गल्ली, हे घर.

छगनला घालवून दिलं. उरलेल्या सीड्या त्याने फोडायच्या, हे इथे लिहून ठेवते.

–

बारा वाजून गेले. गाणी थांबली. गल्लीत एकही माणूस नाही. नुसतं ऊन.

मी जिन्याच्या मध्यावर बसले आहे. वर नाना. खाली देवापुढे अक्का, घागर काठोकाठ, हातात तांब्या.

दार कोणी उघडलं नाही. पण उघडं आहे.

–

हिरवी साडी. पाय फुटलेले. माझ्याकडे बघून हसली. ओळखीचं हसली –

माझी सावली जिन्यावर तिच्या मागे पडली आहे. मी तिच्या पुढे बसलेली आहे.

वरून नाना हाक मारतात. ये, माय, वर ये, तुझी खोली तशीच आहे. रडताहेत. दार उघडत नाहीत, पट्टी अजून सरकते आहे म्हणून.

तिने वर पाहिलं. पायरी चढली. माझ्या अगदी –

तिच्या अंगाला उन्हाचा वास येतो.

मी अक्कांना ओरडून सांगितलं. अक्कांनी तांब्या तिरपा केला. पाण्याची धार पडते आहे. पडते आहे आणि नुसती जमिनीवर. नाव नाही. ओठ हलत नाहीत. त्या तिच्याकडे बघताहेत, डोळे भरून, वर्षाने, आणि नाव –

तिने ओंजळ केली. पायऱ्या उतरते. घागर संपत आली. अक्का, म्हणा. मी म्हटलं तर पोचत नाही, मी म्हणून पाहिलं. तुम्हीच. अक्का, ती उभी आहे हो, तुमच्यासमोर ओंजळ धरून, तांब्यात एक घोट – अक्का, म्हणा ना, तिचं ना